पोकळीचा इतिहास : मेक्सिकोची भरली मिरची

मेक्सिकोतल्या साध्या खानावळीत ‘चिले रेयेनो’ मागवला, तर ताटात मिरची आधी दिसतच नाही. टोमॅटोच्या पातळ रश्शात अंड्याच्या फुगीर, सोनेरी आवरणातले काहीतरी पहुडलेले असते आणि एका टोकाने हिरवा देठ डोकावत असतो. घास मोडला की आवरणाखाली मऊ, गडद हिरवी मिरची लागते आणि तिच्या पोटातून वितळलेले चीज किंवा खिमा बाहेर येतो. नावाचा अर्थ सरळ आहे, भरलेली मिरची. या सरळ नावाभोवती वाद मात्र पुष्कळ आहेत. पदार्थ स्पॅनिश की मूळ रहिवाशांचा? पुएब्ला शहराचा की साऱ्या देशाचा? मठातल्या ननांनी रचलेला की घराघरांत घडत गेलेला? वरचे आवरण हवे की नको?

या वादांत बहुतेक वेळ जातो तो सारणावर आणि आवरणावर. खिमा कुठून आला, अक्रोड कुठून आले, अंडी कोणी फेटली, हे सगळे विचारले जाते. पण काही भरायचे तर आधी पोकळी हवी आणि रानातल्या मिरचीला ती जवळपास नसतेच. भरता येईल एवढी मोठी, मांसल, बेताची तिखट मिरची शेतकऱ्यांनी हजारो वर्षांत घडवली. पदार्थाचे नाव सारणावरून पडले असले, तरी त्याचा खरा इतिहास त्या पोकळीचा आहे. या धाग्याने गेले की वरच्या वादांची उत्तरेही बरीचशी सापडतात.

दोन शब्द, दोन खंड

‘चिले’ हा शब्द नावात्ल भाषेतला, म्हणजे ज्यांना आपण अझ्टेक म्हणतो त्यांच्या भाषेतला. मूळ रूप ‘चिल्ली’. नावात्लमधले शब्द स्पॅनिश तोंडात बसताना त्यांचा शेवट बदलला. ‘तोमात्ल’चे तोमाते झाले, ‘आवाकात्ल’चे आग्वाकाते झाले, तसे ‘चिल्ली’चे चिले झाले. याच शब्दापासून नावात्लमध्ये लाल रंगाचे नाव बनले, आणि धुरावलेल्या मिरचीला ‘चिल्पोक्त्ली’ म्हणत, तेच आजचे चिपोत्ले. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाच्या नावाशी या शब्दाचा काही संबंध नाही.

स्पॅनिश लोकांच्या कानावर मात्र मिरचीचे पहिले नाव हे पडले नाही. कोलंबसाने जानेवारी 1493 मध्ये कॅरिबियन बेटांवरून आपल्या रोजनिशीत ‘आही’ची नोंद केली, ती तिथल्या ताइनो लोकांच्या भाषेतून. तो निघाला होता मिऱ्यांच्या शोधात, म्हणून या तिखट फळालाही त्याने मिऱ्यांच्याच पंगतीत बसवले. स्पेनमध्ये मिरीला ‘पिमिएंता’ म्हणतात आणि मिरचीला ‘पिमिएंतो’. मराठीने नेमके हेच केले. पोर्तुगीज जहाजांतून आलेल्या नव्या फळाला आपण जुन्या मिरीवरून मिरची म्हटले. एकमेकांना न विचारता दोन्ही भाषांनी तिखटाची ओळख काळ्या मिरीवरून लावली. मेक्सिकोला अशी उसनवारी करावी लागली नाही, कारण तिथे फळही घरचे होते आणि नावही. म्हणूनच कॅरिबियन बेटे आणि दक्षिण अमेरिकेचा मोठा भाग आजही ‘आही’ म्हणतो आणि मेक्सिको ‘चिले’.

‘रेयेनो’ हा दुसरा शब्द अटलांटिकपलीकडचा. स्पॅनिशमध्ये ‘येनो’ म्हणजे भरलेले. हा शब्द लॅटिन ‘प्लेनुस’पासून आला. त्याच लॅटिन शब्दाचे पोर्तुगीजमध्ये ‘शेयु’ झाले आणि त्यापासून ‘भरलेले’ या अर्थाचा ‘रेशेआदु’ बनला. गोव्यात बांगड्याच्या पोटात भरायच्या लाल मसाल्याला रेशाद मसाला म्हणतात तो हाच शब्द. तिथे भरण्याच्या क्रियेचे नाव मसाल्याला चिकटले. लॅटिन ‘प्लेनुस’ आणि संस्कृत ‘पूर्ण’ हे मुळात एकाच धातूचे शब्द. तेव्हा पुएब्लाचा रेयेनो, मडगावचा रेशाद आणि होळीच्या पोळीतले पुरण ही शब्दांच्या वंशावळीत एकमेकांची लांबची भावंडे ठरतात.

वाटाण्याएवढ्या फळापासून तळहाताएवढ्या मिरचीपर्यंत

मेक्सिकोच्या उत्तर भागात आजही एक रानमिरची तोडून आणतात, चिल्तेपीन. नावाचा अर्थ ‘पिसवेची मिरची’. फळ वाटाण्याहून लहान, गोल, टोकाशी उभे आणि झणझणीत. पिकले की ते सहज गळते आणि पक्षी ते आवडीने खातात. पक्ष्यांना कॅप्सायसिनचा तिखटपणा जाणवत नाही, त्यामुळे बिया दूरवर पसरतात. सस्तन प्राणी मात्र तोंड पोळले की दूर राहतात. रोपट्याच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तम आहे, पण अशा फळात भरायला जागा कुठली?

माणसाने ही व्यवस्था मोडली. न गळणारी, मोठी, खाली लोंबणारी, जाड सालीची फळे निवडून त्यांचे बी राखले. ‘कॅप्सिकम ॲन्युअम’ ही जात नेमकी कुठे माणसाळवली गेली, यावर 2014 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुरातत्त्व, आनुवंशिकी, पर्यावरण आणि भाषाशास्त्र अशा चार प्रकारचे पुरावे त्यात एकत्र आणले होते. त्यांचा रोख मेक्सिकोच्या मध्य-पूर्व भागाकडे जातो, म्हणजे पुएब्ला राज्याच्या दक्षिणेपासून ओआहाकाच्या उत्तरेकडून वेराक्रूसच्या आग्नेय भागापर्यंतच्या पट्ट्याकडे. भाषेचा पुरावा विशेष रंजक आहे. साडेसहा हजार वर्षांपूर्वी या भागात बोलल्या गेलेल्या एका आदिभाषेतही मिरचीसाठी शब्द होता, असे भाषावैज्ञानिकांनी मागे मागे जात ठरवले आहे. पुएब्लाच्या दक्षिणेकडील तेवाकान खोऱ्यातल्या गुहांतही मिरचीचे प्राचीन अवशेष सापडले आहेत.

स्पॅनिश आले तेव्हा मिरच्यांचे हे कुटुंब चांगलेच वाढलेले होते. फ्रान्सिस्कन पंथाचा पाद्री बर्नार्दिनो दे साआगून याने नावात्ल माहितगारांच्या मदतीने सोळाव्या शतकात तयार केलेल्या ग्रंथात मिरच्या विकणाऱ्याचे वर्णन येते. त्यात लाल, पिवळ्या, हिरव्या, धुरावलेल्या आणि वेगवेगळ्या गावांच्या मिरच्यांची यादी आहे. तिखटपणाच्या पायऱ्यांनाही नावात्लमध्ये वेगवेगळे शब्द होते.

तेव्हाचे लोक मिरच्या भरत होते का? ताज्या मिरचीत सारण घालून ती शिजवल्याचा स्पष्ट दाखला साआगूनकडे मिळत नाही. पण सारण ही कल्पना त्यांना परकी नव्हती. मक्याच्या पिठात मांस, घेवडा किंवा मिरची भरून वाफवलेले तामाल दरबारापासून बाजारापर्यंत सर्वत्र होते. विस्तवावर आणि कोमालवर मिरची भाजण्याची रीतही जुनीच. कोमाल म्हणजे मातीचा तवा, तोही नावात्ल शब्द.

डुक्कर, कोंबडी, अक्रोड

1521 मध्ये अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिशांच्या हाती पडली. 1531 मध्ये स्पॅनिश वसाहतकऱ्यांसाठी पुएब्ला शहर वसवले गेले. मेक्सिको शहरातून वेराक्रूस बंदराकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे शहर गहू, डुकरे आणि मठ यांसाठी लवकरच प्रसिद्ध झाले. चिले रेयेनोमध्ये मिरची आणि टोमॅटो सोडून जे काही आहे, ते जवळपास सगळे याच काळात समुद्रापलीकडून आले. तळायला चरबी, कारण त्याआधी तिथे डुकरे नव्हती आणि तळण्याची पद्धतही फारशी नव्हती. फेटायला कोंबडीची अंडी, कारण आधी टर्की होती, कोंबडी नव्हती. वरून भुरभुरायला गव्हाचे पीठ. भरायला गाई-शेळीच्या दुधाचे चीज, गोमांस आणि डुकराचे मांस, बेदाणे आणि बदाम.

भाजीच्या पोटात सारण भरण्याची कलाही सोबत आली, आणि तिची पाळेमुळे स्पेनच्याही पलीकडे जातात. तेराव्या शतकातल्या अंदालुसियातील अरबी पाककृतींत वांगी भरण्याच्या रीती आहेत. मांस, फळे, सुकामेवा आणि मसाले एकत्र शिजवायचे, गोड-आंबट-तिखट यांची सरमिसळ करायची, ही चव त्याच परंपरेची. मेक्सिकन ‘पिकादियो’मध्ये, म्हणजे खिम्याच्या सारणात, बेदाणे आणि बदाम दिसले की तिची आठवण होते. भूमध्य समुद्राभोवती तर भरण्याचे तंत्र आधीच तयार होते. तिथे मिरची पोचली आणि तुर्कांचा ‘बिबेर दोल्मा’, हंगेरीचा ‘तोल्तोत पाप्रिका’ झाला. या नावांतही भरल्याचाच अर्थ आहे.

म्हणून ‘चिले रेयेनो स्पॅनिश की मेक्सिकन’ हा प्रश्न तसा चुकीचा विचारलेला आहे. तंत्राचा एक भाग तिकडचा, दुसरा इकडचा. जोडणी मात्र मेक्सिकोच्याच स्वयंपाकघरांत झाली आणि तिथे काम करणाऱ्या बायका केवळ स्पॅनिश नव्हत्या. श्रीमंत मठांत ननांच्या हाताखाली मूळ रहिवासी आणि आफ्रिकी वंशाच्या दासी राबत. पाककृतीवर मठाचे नाव लागले, पण मिरची कशी भाजायची हे कोणाला ठाऊक होते, त्याचा अंदाज करणे कठीण नाही.

स्वातंत्र्यानंतर पाककृतींची पुस्तके छापली जाऊ लागली. 1831 मध्ये मेक्सिको शहरात निघालेले ‘एल कोसिनेरो मेहिकानो’ हे त्यांतले आरंभीचे नाव. एकोणिसाव्या शतकातल्या या पुस्तकांना मक्याचे पदार्थ गरिबांचे, ‘इंडियन’ लोकांचे वाटत, म्हणून तामालसारख्यांना तिथे दुय्यम जागा मिळे. मांस आणि अंडी असलेल्या भरल्या मिरचीला मात्र मानाचे पान मिळाले. 1858 मध्ये तिचे वर्णन ‘खिमा भरून अंड्यात घोळवलेली मिरची’ असे केलेले आढळते, म्हणजे आजचा पदार्थ तोवर पक्का झाला होता.

तिरंग्याची दंतकथा

भरल्या मिरच्यांची राणी म्हणजे ‘चिलेस एन नोगादा’. पुएब्लाची ‘पोब्लानो’ मिरची, पोटात मांस आणि फळांचे सारण, वरून ‘नोगादा’, म्हणजे ताज्या अक्रोडांचा पांढरा दाट सॉस, त्यावर डाळिंबाचे दाणे आणि पार्सलीची पाने. हिरवा, पांढरा, लाल. मेक्सिकोच्या झेंड्याचे रंग.

सांगितली जाणारी गोष्ट अशी : 24 ऑगस्ट 1821 रोजी सेनापती आगुस्तिन दे इतुर्बिदेने कोर्दोबाच्या तहावर सही केली आणि स्पेनपासूनचे स्वातंत्र्य जवळपास पक्के झाले. 28 ऑगस्टला संत ऑगस्टीनचा सण, म्हणजे इतुर्बिदेच्याही नावाचा दिवस. पुएब्लातल्या सांता मोनिका मठाच्या ननांनी त्याच्यासाठी त्याच्या सैन्याच्या झेंड्याचे तीन रंग ताटात उतरवले. विसाव्या शतकात आर्तेमिओ दे वाये-आरिस्पे या लेखकाने दुसरीच गोष्ट सांगितली. तिच्यात नना नाहीत, सैनिकांच्या प्रेयसी आहेत.

दोन्ही गोष्टी गोड आहेत आणि त्या समकालीन नोंदींवर उभ्या नाहीत. अक्रोडाचा सॉस स्पेनमध्ये फार जुना आहे, आणि ऑगस्टमध्ये पुएब्लाच्या बाजारात ताजे अक्रोड, डाळिंब आणि पोब्लानो एकाच वेळी येतात. ही तिन्ही एका ताटात यायला सेनापतीच्या नावाचा दिवस लागत नाही, बाजारात गेले की पुरते. मात्र राष्ट्राला आपल्या झेंड्याचा रंग ताटात हवाहवासा वाटला आणि दंतकथेने तो अधिकृत केला. मठांची पुढची कथा तर दंतकथेला लाजवील अशी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सुधारणांच्या कायद्यांनी मठ बंद केले, तेव्हा सांता मोनिकाच्या नना लपून राहिल्या आणि 1934 पर्यंत त्यांचा मठ गुप्तपणे चालू होता. आज तिथे धार्मिक कलेचे संग्रहालय आहे.

नोगादाचे सारण हा फळांचा नकाशाच असतो. पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीच्या पायथ्याची काल्पान आणि सान निकोलास दे लोस रांचोस ही गावे यातली सफरचंदे, नाशपाती, पीच आणि अक्रोड पिकवतात. अक्रोड ताजाच हवा, कारण सुकल्यावर त्याची पातळ साल सुटत नाही आणि ती साल कडू असते. एकेक गर नखाने सोलायचा, म्हणून हे काम चारचौघींनी बसून करायचे. जुलै ते सप्टेंबर हाच हंगाम आणि 16 सप्टेंबरला स्वातंत्र्यदिन. लॉरा एस्किवेलच्या ‘कोमो आग्वा पारा चोकोलाते’ (1989) या कादंबरीचा शेवटही एका लग्नात वाढलेल्या याच पदार्थाने होतो.

हाताचे काम

साधा चिले रेयेनो करायला मिरची फार तर तासाभराचे काम देते, पण घाई चालत नाही. पोब्लानो आधी सरळ आचेवर भाजायची, भरताचे वांगे भाजतो तशी, सगळ्या बाजूंनी साल काळी होऊन फुटेपर्यंत. मग फडक्यात किंवा पिशवीत गुंडाळून ‘घाम येऊ द्यायचा’. मेक्सिकन स्वयंपाकिणी हेच क्रियापद वापरतात. वाफेने साल सुटते, ती हाताने काढायची. ही साल मेणचट असते, शिजून मऊ होत नाही आणि अंड्याचे आवरणही तिच्यावर टिकत नाही. म्हणून साल काढणे हा नखरा नव्हे, पदार्थाची गरज आहे. नळाखाली धरून ती झटपट निघते खरी, पण भाजल्याचा वास धुऊन जातो, म्हणून जाणत्या बाया पाणी टाळतात.

मग देठ राखून उभी चीर द्यायची, बिया आणि शिरा काढायच्या. तिखटपणा बियांत असतो असे सर्रास समजतात, प्रत्यक्षात कॅप्सायसिन तयार होते ते बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात त्यात. बिया शेजारी असल्याने माखतात एवढेच. मेक्सिकन स्पॅनिशमध्ये या कामाला ‘देसवेनार’ म्हणजे शिरा काढणे म्हणतात, आणि ते शब्दशः बरोबर आहे. पोब्लानोचा तिखटपणा स्कोव्हिल मोजमापात साधारण 1,000 ते 2,000, हालापेन्योचा 2,500 ते 8,000. पण एकाच झाडाच्या दोन पोब्लानोही सारख्या असतीलच असे नाही, त्यामुळे पंगतीत कोणाच्या तरी वाट्याला तिखट मिरची येतेच.

सारण भरून काडीने चीर बंद करायची, पिठात हलकी घोळवायची आणि मग खरी परीक्षा : पांढरे बलक घट्ट फेस येईपर्यंत फेटून त्यात पिवळे हळूच मिसळायचे, मिरची त्यात बुडवायची आणि गरम तेलात सोडायची. या क्रियेला ‘कापेआर’ म्हणतात. आवरण नीट धरले तर ते फुलून रस्सा शोषून घेते, नाहीतर तेलात सुटून तरंगत राहते. पोटात चीज का? कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, दुधातले केसीन मात्र त्याला धरून ठेवते. नोगादात अक्रोड आणि चीज यांच्या सॉसचेही काम तेच.

जशी मिरची तसे पोट

मेक्सिकोभर फिरले की कळते, सारण बदलते ते आवडीने कमी आणि मिरचीमुळे जास्त. ओआहाकात ‘चिले दे आग्वा’ भरतात, आणि धुरात सुकवलेली पासियाही भिजवून मऊ करून भरतात. सुकी मिरची पातळ आणि कणखर असते, म्हणून तिला चिरा देऊन सावकाश भरावे लागते. पण धुराचा जो वास येतो तो ताज्या मिरचीला येत नाही. वेराक्रूसमध्ये, जिच्या नावातच हालापा शहर आहे ती हालापेन्यो भरतात, अर्थात आधी मीठ किंवा पिलोन्सियो घातलेल्या पाण्यात उकळून तिखट उतरवून. पिलोन्सियो म्हणजे उसाच्या रसाचा साच्यातला गूळ.

युकातान आणि काम्पेचेकडे पिवळसर ‘श्कातिक’ मिरचीत मासा भरतात, बहुधा कासोन, म्हणजे छोटा शार्क, आपली मोरी. उपवासाच्या चाळीस दिवसांत कॅथलिक घरांत शुक्रवारी मांस वर्ज्य असल्याने चीज, ट्यूना, सार्डिन किंवा कोळंबी मिरचीत जाते, त्यामुळे वसंताचे दिवस चीजच्या रेयेनोचे असतात. आंचो मिरची, म्हणजे पिकवून सुकवलेली पोब्लानोच, भिजवून, भरून, व्हिनेगर घालून थंडही खातात. मिचोआकानच्या थंड डोंगरांत ‘मान्सानो’ मिरची होते. तिच्या बिया काळ्या आणि ती भलतीच तिखट.

ही मान्सानो जातीने ‘कॅप्सिकम प्युबेसन्स’ आहे आणि तिचे माहेर अँडीज पर्वत. पेरूच्या अरेकिपा शहरात तिच्याच भावंडाचा ‘रोकोतो रेयेनो’ करतात : मिरची पाण्यात उकळून सौम्य करायची, मांस, शेंगदाणे भरायचे, वर चीज आणि अंडे-दूध ओतून भाजायचे, सोबत बटाट्याचे थर. मेक्सिकोपासून दूर, वेगळ्याच जातीच्या मिरचीवर तीच कल्पना उभी राहिली. मनिलाच्या जहाजांनी 1565 ते 1815 या काळात आकापुल्को आणि फिलिपिन्स जोडले, तेव्हा ‘रेयेनो’ हा शब्द पॅसिफिकही ओलांडून गेला. तिथे ‘रेल्येनो’ म्हणजे वांगे किंवा मासा, मिरची नव्हे. क्रिया पोचली, पोकळी तिकडचीच वापरली.

आजचे भांडण

पुएब्लात दर ऑगस्टला नोगादावर आवरण हवे की नको, हा वाद पेटतो. जुन्या धाटणीच्या घरांत ‘कापेआदो’ नसेल तर तो नोगादाच नव्हे. नव्या हॉटेलांना अंड्याचा तेलकट थर जड वाटतो आणि आवरणाशिवाय मिरची छान हिरवी दिसते, झेंड्याला शोभते. दोघांचे दावे त्यांच्या दृष्टीने खरे आहेत, पण त्यांत एक गफलत आहे : हिरवा रंग दिसावा म्हणून काढलेले आवरण ही छायाचित्राची गरज आहे, चवीची नव्हे.

सारणातला एक घटक मात्र चवीच्याही पलीकडच्या कारणाने गेला. ‘आसित्रोन’ म्हणजे बिस्नागा निवडुंगाचा गर साखरेत मुरवून केलेला मुरंबा. हे निवडुंग फार सावकाश वाढतात, मुरंब्यासाठी सर्रास तोडले जातात, म्हणून मेक्सिकोच्या पर्यावरण नियमावलीत काही जातींना संरक्षण मिळाले आणि आसित्रोनच्या विक्रीवर बंदी आली. त्याऐवजी आता इतर फळांचे मुरंबे येतात. ज्यांना हे पाखंड वाटते, त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की सफरचंद आणि अक्रोडही कधीकाळी नवेच होते.

तर आता पुन्हा त्या प्रश्नांकडे. पदार्थाच्या जन्माचे श्रेय कोणा ननला, राजाला किंवा शहराला देता येत नाही. पुएब्लाने त्याला मिरची, बाजार आणि मठ दिले एवढे मात्र नक्की. अंडे, गहू आणि चीज यांच्याशिवाय तो आजच्या रूपात नसता. पण यातले काही काढले तरी पदार्थ उरतो : चीज काढून कोळंबी घाला, आवरण काढा, नोगादाऐवजी टोमॅटो वापरा. तिखट मिरचीच काढली तर मात्र तो उरत नाही. परदेशांतल्या अनेक हॉटेलांत पोब्लानोच्या जागी ढोबळी मिरची येते आणि खाणारा म्हणतो, हे काही जमले नाही. ढोबळीला मोठी पोकळी आहे, पण ती जाड आणि गोडसर, भाजली तरी तिला पोब्लानोची धुरकट, किंचित कडवट चव येत नाही. पुण्या-मुंबईत हा पदार्थ करून पाहायचा असेल, तर त्यातल्या त्यात भजीची लांब, जाडसर मिरची घ्यावी, साल नीट भाजून काढावी आणि सारण माफकच ठेवावे. ज्या पदार्थाचे नाव भरण्यावरून पडले आहे, त्यात जास्त भरण्याचा मोह आवरणे ही स्वयंपाकघरातली खरी परीक्षा, आणि मेक्सिकोच्या बहुतेक आज्या ती उत्तीर्ण झालेल्या आहेत.